आईच्या कमरेवर नाडीच्या जागी जखम, दिवाळीपासून भरत नाही. हे गजकर्णच आहे का?

माहेर_अमळनेर (4 मे)

नमस्कार. मी सुरतला राहते, माहेर अमळनेर तालुक्यातलं. आखाजीसाठी आठ दिवस आले आहे. परवा गच्चीवर आम्ही दोघी कुरडया घालत होतो. आई उठली तेव्हा तिच्या लुगड्यावर उजव्या बाजूला पिवळा-तांबूस डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, "काही नही, नाडीना वळ शे तो." मी ऐकलं नाही. न्हाणीत नेलं आणि निऱ्या सोडायला लावल्या.

कमरेभोवती काळा जाड पट्टा तर मी लहानपणापासून बघते. परकराची नाडी जिथे बसते तिथे, करंगळीएवढा रुंद. मधे मधे पांढुरके ठिपके, हात फिरवला की कोंडा निघतो. ते नवीन नाही. पण उजव्या कुशीला, जिथे ती गाठ मारते, बरोबर तिथे रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी जखम आहे. कडा सगळीकडून वर आलेली आणि बोटाला कडक लागते. मधे लालभडक, त्यावर पिवळी खपली. परकर चिकटलेला होता, पाणी लावून सोडवला तर रक्त आलं. वासही येतो. एवढं होऊन दुखत फार नाही म्हणते.

आई 63 वर्षांची आहे. साखर नाही, बीपीची गोळी चालू आहे. अजून कापूस वेचायला जाते. ओटी कमरेला बांधते, ती भरत आली की चार-पाच किलो होते आणि तो सगळा भार त्या नाडीवर. मागच्या दिवाळीत वेचणी चालू असताना तिथे चिघळलं, ते अजून भरलेलं नाही.

तोपर्यंत काय केलं ते तिच्याकडून काढून घ्यायला मला दोन दिवस लागले. आधी हळद-खोबरेल. मग मेडिकलवरून खाजेची ट्यूब, अशा सहा ट्यूब संपल्या आहेत. लावली की खाज थांबते, बंद केली की दुप्पट होते. फेब्रुवारीत एका डॉक्टरांना दाखवलं, म्हणजे तोंडी सांगितलं. लुगडं सोडलंच नाही. त्यांनी गजकर्ण म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. काहीच फरक नाही.

आता माझे प्रश्न. गजकर्ण एकाच जागी राहून असा खड्डा पाडतं का? यासाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं की सर्जनकडे? आई म्हणते, "माले दवाखानामा जानं नही." तिला दोन गोष्टींची भीती आहे. एक, पुरुष डॉक्टरला कंबर दाखवायची. दुसरी, गावात कुणीतरी सांगितलंय की अशा जखमेला सुरी लावली की ती अंगभर पसरते. मला रविवारी परत जायचं आहे. कुणाच्या घरात असं झालं असेल तर कृपा करून सांगा.

कळण्याची_भाकरी (4 मे)

ताई, घाबरून जाऊ नका. माझ्या आईला आणि दोन्ही मावश्यांना असाच काळा पट्टा आहे, आमच्याकडे शेतात जाणाऱ्या प्रत्येक बाईला असतो. आपल्याकडचं ऊन 45 च्या वर जातं, घामाने ते चिघळतं, पाऊस पडला की बसतं. खोबरेल तेलात कापूर घालून लावा आणि नाडी सैल बांधायला सांगा. आईला थंडावा वाटेल.

शिरपूरची_सून (4 मे, रात्री)

ताई, तुमचा मजकूर दोनदा वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. वरच्या ताईंनी काळजीनेच लिहिलंय, पण तेल-कापूर लावून वाट बघू नका. रविवारी परत जाऊ नका. गेलात तर आईला सोबत घेऊन जा.

हे माझ्या सासूबाईंना झालं. तीन वर्षं झाली. वय तेव्हा 68. त्यांची जागा डाव्या बाजूला होती, कारण त्या गाठ डावीकडे मारायच्या. तसाच काळा पट्टा, तशीच कडक कड, तसाच वास. आम्ही वर्षभर घालवलं. मला आजही त्या वर्षाचं वाईट वाटतं, कारण मी त्याच घरात होते, त्यांचे परकर मी धूत होते. डाग रोज दिसायचा. मी साबण जास्त लावायचे.

त्यांनाही मेडिकलची ट्यूबच चालू होती. आणि त्यांचंही तेच, "माणूस डाक्टरले कंबर कशी दखाडू?" शेवटी मी एक केलं. मोबाईलवर फोटो काढला, चेहरा न घेता, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. तो घेऊन एकटीच धुळ्याला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, वर्ष. त्या म्हणाल्या, "उद्या घेऊन या. परवा नको."

दुसऱ्या दिवशी बायोप्सी झाली. तुमच्या आईंना सांगता यावं म्हणून त्याचं नीट सांगते, कारण घाबरवतो तो हाच शब्द. सासूबाई कुशीवर झोपल्या. कमरेपुरतीच चादर बाजूला, बाकी सगळं अंग झाकलेलं, आत नर्स आणि मी. जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं तेवढं टोचलं, ते पाच सेकंद त्यांनी माझा हात दाबून धरला. मग बाईंनी जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढला, तुरीच्या दाण्याएवढा. मधला नाही घेतला. मी का विचारलं तर म्हणाल्या, मधे बरंचसं सडलेलं असतं, खरं काय ते कडेला कळतं. एक-दोन टाके, पट्टी, वीस मिनिटांत बाहेर. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "व्हयनं का?" बसस्टँडवर आम्ही चहा प्यायलो.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कातडीचा कॅन्सर.

पुढे जांघेतल्या गाठींची सोनोग्राफी झाली, तिथे काही नव्हतं. मग ऑपरेशन. जखमेच्या बाजूची चांगली दिसणारी कातडीही दीड-दोन सेंटीमीटर घेरून काढली, खालपर्यंत. मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. गंमत बघा, कमरेपेक्षा मांडीचीच जागा त्यांना जास्त दुखली, आठ दिवस. काढलेल्या तुकड्याच्या कडा रिपोर्टमध्ये स्वच्छ आल्या, म्हणून शेक (रेडिएशन) लागला नाही, केमोही नाही. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवायला जात होतो. आता सहा महिन्यांनी जातो. डॉक्टर जागा आणि जांघ हाताने चाचपतात.

आणि ते "सुरी लागली की पसरतं" आमच्याही गावात सगळे म्हणतात. असं का वाटतं ते मी डॉक्टरांना विचारलं. लोक फार उशिरा जातात, ऑपरेशनच्या आधीच तो गाठींमध्ये पोचलेला असतो, मग दोष सुरीवर येतो. आईंना माझ्या सासूबाईंशी बोलायचं असेल तर मी फोन लावून देते, निरोपात नंबर टाका. बाईमाणसाने बाईमाणसाला सांगितलेलं वेगळं पोचतं.

पैशांचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊनच निघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. आमचं त्यातच झालं. बायोप्सीचे पैसे तेवढे आधी भरावे लागले.

तापीकाठचा_डॉक्टर (5 मे)

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पंधरा वर्षं धुळे-नंदुरबार भागात काम करतो. न बघता निदान सांगणार नाही. पण चार आठवड्यांवर न भरणारी, कडा कडक आणि उंच झालेली, सहज रक्त येणारी जखम जुन्या व्रणावर असेल तर बायोप्सी झालीच पाहिजे. तुमच्या आईंची जखम सहा महिन्यांची आहे. याच आठवड्यात जा. धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज किंवा जळगावचं शासकीय मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ पडेल, दोन्हीकडे त्वचा विभाग आणि सर्जरी एकाच आवारात आहेत. आधी त्वचा विभागात दाखवा. बाई डॉक्टर हवी असं काउंटरवर मोकळेपणाने सांगा, त्यात काही वावगं नाही.

गजकर्णाचं तुम्ही बरोबर ओळखलंय. गजकर्ण गोल पसरत जातं, कड लाल आणि खवल्यांची, मधली कातडी बरी होत जाते. ते जांघेत, दोन्ही बाजूंना, पोटाखाली सरकतं, घरातल्या दुसऱ्यालाही होतं. ते खड्डा पाडत नाही. ती ट्यूब मात्र तातडीने बंद करा. अशा ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड. खाज लगेच थांबते म्हणून माणूस पुन्हा तीच मागतो. तोवर कातडी कागदासारखी पातळ होते, जांघेत चिरांसारखे पट्टे उमटतात, आणि गजकर्ण असेल तर त्याची ओळखीची कडच पुसून जाते. ही माझ्या ओपीडीतली रोजची गोष्ट आहे आणि दर वेळी मला त्रास होतो. खऱ्या गजकर्णाला नुसत्या बुरशीच्या औषधाचा पूर्ण कोर्स लागतो, अनेक आठवड्यांचा. डाग दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचा. घरातल्या ज्यांना आहे त्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचं. टॉवेल वेगळा, कपडे कडक उन्हात उलटे करून वाळवायचे.

आता नाडीचं. हा आजार आपल्याच मातीतला आहे, त्यावर पहिल्यांदा लिहिलं तेही आपल्याच माणसांनी. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 साली लिहिलेल्या लेखात धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. लुगडं-साडीच्या नाडीखालीही तेच घडतं. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी मिळून अशा दोन बायका ब्रिटनच्या एका वैद्यकीय मासिकात मांडल्या. त्यातली एक बाई नऊवारी लुगड्याखाली परकर घालणारी, सत्तर वर्षांची. काश्मीरमध्ये फेरनच्या (सैल झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, धरून बसणाऱ्यांना पोटावर आणि मांडीवर होतो तोही याच जातीचा.

होतं असं, की सुती दोरी रोज त्याच रेषेवर घट्ट बसते. तिथे घाम, धूळ, घासणं. कातडी सोलते, शरीर ती भरून काढतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोलते. तीस-चाळीस वर्षं ही डागडुजी चालू राहिली की कधीतरी एखाद्या ठिकाणी पेशींची वाढ हाताबाहेर जाते. नाडीचा वळ असलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर होत नाही, हेही तितकंच खरं. काळा पट्टा, कोंडा, खाज, पांढरे ठिपके एवढंच असेल तर नाडी बदलून आणि साधं व्हॅसलीन लावून बरंच सुधारतं. त्या पट्ट्यात जखम, गाठ किंवा चामखिळीसारखं काही उगवलं की मात्र थांबायचं नाही. लहानपणी चुलीत किंवा चिमणीने भाजलेल्या जुन्या व्रणाचंही असंच. चाळीस वर्षांनी त्यावर जखम उघडली तर ती साधी समजू नका. अशा जुन्या व्रणात कॅन्सरची जखम झाली तर तिला मार्जोलिन व्रण म्हणतात.

आईंना नेलंच आहे तर डॉक्टरांना बाकीची कातडीही बघू द्या, विशेषतः चेहरा आणि तळपाय. नाकावर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात काळपट, चकचकीत मण्यासारखा फोड, जो टॉवेलने पुसताना रक्त देतो, पुन्हा खपली धरतो आणि कधी जात नाही, तो बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचाच दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर, असू शकतो. तो सावकाश वाढतो, दूर सहसा जात नाही, पण नाक-डोळा खातो. मेलॅनोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर, आपल्यात कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. आपल्या बायाबापड्या शेतात अनवाणी असतात, तळपायाचा काळा डाग काटा रुतल्याचा म्हणून सोडून देतात. डाग वाढतोय, कड वेडीवाकडी, एकात दोन-तीन रंग, नखातली काळी रेघ रुंद होतेय, असं काही दिसलं तर दाखवा.

आणखी एक, कारण आपल्या भागात याचे नवे रुग्ण अजून सापडतात. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, कापसाचा धागा फिरवला तर कळत नाही, तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. खाज येत नाही म्हणून लोक येत नाहीत.

कळण्याची_भाकरी (5 मे)

डॉक्टरसाहेब, शिरपूरच्या ताई, मी चुकीचा सल्ला दिला होता, माफ करा. काल रात्रीच आईला फोन करून विचारलं. तिच्या पट्ट्यात जखम नाही, पण धाकट्या मावशीला एका जागी चामखिळीसारखं वर आलंय, दोन वर्षं झाली. तिला गुरुवारी जळगावला नेतोय.

माहेर_अमळनेर (27 मे)

सगळ्यांना नमस्कार. उशीर झाला, तीन आठवडे फार धावपळीत गेले.

आई तयार झाली ती शिरपूरच्या आजींच्या फोनमुळे. दोघी पाऊण तास बोलल्या, त्यातली अर्धी वेळ कापसाच्या भावावर. शेवटी आजींनी विचारलं, "वास येस का?" आई गप्प झाली. मग मला म्हणाली, "कपडा भर, जाऊत."

7 तारखेला गेलो. तरुण बाई डॉक्टर मिळाल्या. त्यांनी आधी आईचा हात धरला, मग पट्टी सोडली. बायोप्सी अगदी वर लिहिलंय तशीच झाली. काल रिपोर्ट मिळाला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच आहे, सौम्य प्रकारचा, वेल डिफरन्शिएटेड लिहिलंय. जांघेत उजवीकडे एक गाठ लागत होती, दोन रात्री झोप नाही. तिच्यात सुई घालून तपासलं, कॅन्सर नाही, जखमेच्या संसर्गाने सुजली होती. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. योजनेचे कागद झाले. मी सुरतचं काम महिनाभर सोडलंय.

आईने घरी आल्यावर काय केलं ते सांगते. संध्याकाळी ओट्यावर माझ्या दोन काकूंना आणि शेजारच्या आजींना बोलावलं, दार लावलं आणि एकेकीला कंबर दाखवायला लावली. तिघींच्याही कमरेला पट्टा आहे. जखम कुणालाच नाही. थोरल्या काकूंची नाडी इतकी रुतलेली होती की आईने ती तिथेच कात्रीने कापली.

आता त्या सगळ्या विचारतायत की नाडीऐवजी काय बांधायचं. इलास्टिकने लुगडं सरकतं, शेतात ते चालत नाही. शिरपूरच्या ताई, तुमच्या सासूबाई आता काय करतात?

शिरपूरची_सून (27 मे)

ताई, रिपोर्ट वाचून डोळ्यात पाणी आलं. वेळेत गेलात.

आमच्याकडे मी परकराचा नेफाच काढून टाकते आणि जुन्या सुती धोतराचा चार बोटं रुंद पट्टा शिवते, दुहेरी. नाडी नाहीच. बाजूला दोन हूक, एक घट्ट एक सैल, जेवल्यावर सैल लावायचा. हुकाखाली आतून कापडाची घडी, म्हणजे हूक कातडीला टोचत नाही. एक दिवस हूक उजवीकडे, एक दिवस डावीकडे, म्हणजे जोर एकाच जागी येत नाही. घरात आल्यावर लुगडं सोडून सैल गाऊन. सासूबाई आधी लाजायच्या, आता त्याच मागतात. वेचणीची ओटी कमरेला बांधतच नाही, खांद्यावरून आडवी झोळी घेतो, तिचा पट्टाही रुंद ठेवलाय. पहिले चार दिवस खांदा दुखतो, मग सवय होते. ऑपरेशननंतर सहा आठवडे तरी आईंच्या कमरेला काहीच बांधू नका, गाऊनच घाला. दोन मोठे गाऊन आत्ताच घेऊन ठेवा, पुढून बटणं असलेले, ड्रेसिंगला सोपे पडतात. पट्ट्याचा फोटो आणि मापं उद्या टाकते.